वखर, डवरं आणि आमचे इवाई

मी वखराला डवरं म्हणालो. चारचौघांत, बोट दाखवून म्हणालो, आणि वर 'लहानपणी हेच हाकायचो आम्ही' अशी पुस्तीही जोडली.

ज्यांचा पाय कधी काळ्या मातीत रुतला नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. दोन्ही लाकडाची अवजारं, दोन्हींना खाली लोखंडाचं आडवं पातं, दोन्ही बैलांच्याच मागे. पण वखर मोठा, तो पेरणीच्या आधी रिकाम्या वावरात चालतो. डवरं लहान, ते पेरणीनंतर उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून जातं आणि तण काढतं. उभ्या पिकात वखर घातला तर पीक गेलंच समजा. वऱ्हाडात नाक पुसता न येणाऱ्या लेकरालाही हा फरक कळतो. माझा जन्म मूर्तिजापूर तालुक्यातला, घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेतीतलं, आणि वखराला डवरं. भर मांडवात सासूला सूनबाई म्हणून हाक मारावी तसं झालं.

हे घडलं ते मूर्तिजापूरहून अकोल्याला जाताना हायवे सोडून थोडं आत असलेल्या एका जागी. कुणा हौशी माणसानं तिथे जुनं वऱ्हाडी गाव उभं केलंय. धाब्याची मातीची घरं, चावडी, खळं, रेंगी म्हणतात ती छोटी बैलगाडी, ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव. आणि हे नुसतं मांडून ठेवलेलं नाही, त्यात माणसं राहतात, म्हणजे राहिल्यासारखं करतात. बाया लुगडी नेसून दळतात, सारवतात, भाकरी थापतात; माणसं पागोटी बांधून दोर वळतात. अकरा वाजता जुना काळ सुरू होतो आणि पाच वाजता संपतो. पाचनंतर हीच मंडळी मोटारसायकलला किक मारून आजच्या काळातल्या आपापल्या घरी जातात. दारावर पाटी आहे, 'मोबाइल बंद ठेवून भूतकाळात प्रवेश करावा.' पाटीला लागूनच सेल्फीची जागा आखून दिलेली आहे.

माझ्यासोबत आमचे इवाई होते. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. माणूस पुण्याचा. पांढरे मोजे, पाण्याची स्वतःची बाटली, आणि प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. हिवाळ्यात पहिल्यांदाच अमरावतीला आले होते. चिखलदरा दाखवून झालं होतं. तिथली कॉफी 'ठीक आहे' असा निकालही लागला होता. आता छाप पाडायची तर माझ्याजवळ एकच शिल्लक होती, मी शेतकऱ्याचा पोरगा. उभी नोकरी सरकारी कचेरीत फायलींना दोरी बांधण्यात गेली हे खरं. पण लग्नाच्या बोलणीपासून मी त्यांना ऐकवत आलो होतो की आपण मातीतली माणसं, वावर दिसलं की आपल्याला चप्पल टोचायला लागते, वगैरे. त्या घरात मला जो काही मान होता तो या एका वाक्याच्या टेकूवर उभा होता.

तर एका घराच्या पडवीत भिंतीला अवजारं टांगलेली. मी छाती काढून पुढे झालो आणि ते वाक्य बोललो. इवायांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. अवजाराखालची छोटी पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"पण इथे तर 'वखर' लिहिलंय," ते म्हणाले.

"पाटी लिहिणारा तुमच्या पुण्याकडचा असेल," मी म्हणालो.

पडवीच्या कोपऱ्यात एक बाई जात्यावर ज्वारी दळत होती. तिनं खुंटा थांबवला नाही, मान वर केली नाही. दळता दळताच म्हणाली, "पाटी माह्या पोरीनं लिवली. वखरच हाय थो."

मागे अकोटहून आलेली एक अख्खी सहल उभी होती. त्यांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "साहेब सोयाबीनले कापूस तं नाई म्हणत?" आणि ती सहल हसली. इवाई हसले नाहीत. त्यांनी फक्त खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. ते हसले असते तर मी माफ केलं असतं.

आमच्याकडे इवायांनी इवायांची खेचायची रीतच आहे. लग्नात पंगत बसली की एकमेकांच्या ताटातल्या मिठापासून सुरुवात होते. पुण्याच्या माणसाला ही रीत कळायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं. यांना एका दिवसात कळली. घरी परत गेल्यावर पहिला फोन आला तो असा, "काय डवरं, बरं आहे ना?" संक्रांतीला तिळगूळ आला त्यावर चिठ्ठी, 'डवरेवाल्यांस सप्रेम.' मुलीच्या घरी फोन केला तर मागून आवाज यायचा, "डवरं आहे का लाइनवर? माझा नमस्कार सांग." माझी मुलगीही हसायची. हसताना ती हुबेहूब तिकडची वाटायची, याचं दुःख वेगळं.

मी सूड घ्यायचं ठरवलं.

हे सांगताना मला लाज वाटत नाही. त्या चार-पाच महिन्यांत मी जितका टवटवीत होतो तितका निवृत्तीनंतर कधीच नव्हतो. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी करायचं असायचं. त्या गावात दर पावसाळ्यात पाहुण्यांकडून पेरणी करून घेतात असं मला कळलं होतं. प्रत्येकाला एक पट्टा देतात. तिफण हातात देतात, बैल पुढे, तीन फेरे मारायचे. पट्ट्याच्या टोकाला तुमच्या नंबरची खुंटी ठोकतात आणि उगवलं की मॅनेजर फोटो पाठवतो. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. शेजारी शेजारी दोन पट्टे. एकात मी, सरळ, ताठ, बैल माझ्या शब्दात. दुसऱ्यात इवाई, पांढरे मोजे चिखलात, तिफण एकीकडे, बैल दुसरीकडे, आणि ते स्वतः मधोमध तोंडावर. त्या पडण्यावर मी फार मेहनत घेतली. कधी त्यांना डाव्या कुशीवर पाडायचो, कधी चष्म्यासकट. जेवताना मधेच हसू यायचं. बायको म्हणायची, "कोनाचं वाटोळं करून राहिले?" मी म्हणायचो, "भात गिळ."

एकच अडचण होती. तिफण मला धरता येत नव्हती.

गावची शेती चुलतभाऊ पाहतो. त्याला फोन केला की बाबा, चार दिवस येतो, जरा तिफणीवर हात बसवायचाय. तो म्हणाला, "दादा, तब्येत बरी हाये ना?" ट्रॅक्टर आल्यापासून त्याच्या गोठ्यात स्कूटर उभी असते. "बैल पाहाचे असन तं तुले थ्या म्युझियमातच जा लागन," तो म्हणाला. "आपल्या गावातले शेवटचे बैल तेईनंच नेले."

म्हणून मी तिथेच गेलो. आठवड्यातल्या मधल्या वारी, गर्दी नसताना, अमरावतीहून एसटीनं. घरी सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जातो. पाचव्या वेळेस बायकोनं विचारलं, "तेवढे दात हायेत का तुमाले?"

तिथे तिफणीचं काम होतं जात्यावरच्या त्याच बाईकडे, पाटीवालीच्या आईकडे. इतर बाया चुलीवर आणि जात्यावर; वावर मात्र हिच्याकडे. नवऱ्यानं खाट धरली तेव्हापासून घरचं वावर तीच हाकायची, म्हणून इथेही मॅनेजरनं बैल तिच्या ताब्यात दिले होते. बैलांना ती नावं घेत नसे. एक डावा, एक उजवा. आल्या आल्या जातं मात्र अर्धा तास फिरवावंच लागे, कारण पाहुण्यांना आवाज लागतो.

मी म्हणालो, "मावशी, मला तिफण शिकवा."

"मावशी कावून म्हणता? माह्याहून मोठे दिसता."

"बरं, बाई."

तिनं मला ओळखलं. "तुमी डवरेवाले साहेब नोहे का?" म्हणाली. म्हणजे तिकडेही तेच नाव रुजलं होतं.

तिफण दिसायला सोपी असते. पुढे जू, मागे लाकडाचं धूड, त्याला तीन पोकळ नळ्या, तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाटीत. त्या वाटीला चाडं म्हणतात. चालता चालता मुठीतून दाणे चाड्यात सोडायचे, ते तिन्ही नळ्यांतून तीन ओळींत मातीत पडतात. एका हाताला तिफण, दुसऱ्या हाताची मूठ, डोळे बैलांवर. पहिल्या दिवशी माझी मूठ एकतर पूर्ण बंद होती, नाहीतर पूर्ण उघडी. वीस पावलांत एका एकराची ज्वारी संपली. बाई म्हणाली, "साहेब, पाखरायले जेवन घालाचं असन तं खळ्यात टाका, तिथं तेईले सोपं जाते."

मग मी घरी गच्चीवर सराव सुरू केला. रॉकेल ओतायचं जुनं नरसाळं एका बाटलीत उभं केलं आणि बाटली काखेत धरून, मुठीनं ज्वारी सोडत टाकीभोवती फेऱ्या मारू लागलो. समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला विचारलं, "यांचं काही व्रत आहे का?" ती म्हणाली, "हो. इवायांवर आहे."

उन्हाळा संपेपर्यंत माझी मूठ बसली. बैल मला ओळखू लागले. सरळ ओळ काढता येऊ लागली. बाईनं एकदा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहून 'जमते' असं म्हटलं, आणि तिच्या तोंडी तो शब्द म्हणजे शाल-श्रीफळ. पण एका गोष्टीसाठी ती दर वेळी ओरडायची. "मांगं पाहत जा, साहेब. धा पावलं झाले की मांगं पाहा. नई तुंबली का पाहा." नळी म्हणायला ती 'नई' म्हणायची. ओली काळी माती नळीच्या तोंडात बसली की वरून कितीही दाणे सोडा, खाली काही पडत नाही. तिफण मातीत असताना बैल मागे सरकला तर हमखास तुंबते, म्हणून वळताना उचलून घ्यायची, कधी मागे रेटायची नाही. हे मी सगळं ऐकत होतो. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे इवायांचे मोजे असायचे.

पाऊस झाला. चार दिवस उघाड पडली. बाईचा फोन आला, "वाफसा आला, माती पेराजोगी झाली. रविवारी या." मी पुण्याला फोन लावला आणि आवाजात मध घालून म्हणालो, "व्याहीबुवा, एकदा मातीत उतरायला या." ते शनिवारीच हजर. आले ते नवे रबरी बूट घेऊन. मोजे आत.

रविवारी पेरणीला आम्ही धरून पाच पाहुणे होते. आमचा नंबर शेवटी. माझी खुंटी चार नंबरची, त्यांची पाच. जोडी एकच असल्यामुळे आधी त्यांनी पेरायचं आणि मग मी, असं मीच मॅनेजरला सांगून ठरवून घेतलं होतं. आधी पडझड, मग कसबी हात. क्रम चुकला तर सूड फिका पडतो.

इवाई तिफणीपाशी गेले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाईंना नमस्कार. "मला यातलं काहीही कळत नाही," ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करतो." झालं. बाई त्यांच्या सोबतच चालू लागली. ते चार पावलं चालायचे, थांबायचे, विचारायचे, "आता मागे बघू का?" मागे बघायचे. नळीत काडी घालून माती काढायचे. "आता चालू का?" त्यांच्या ओळी अशा निघाल्या की जणू बैल दारू पिऊन घरी निघालेत. दुसऱ्या फेऱ्यात त्यांचा एक बूट चिखलात राहिला आणि ते मोज्यावर पुढे गेले. हा क्षण मी पाच महिने पाळला-पोसला होता. तो आला तेव्हा ते स्वतःच इतके खळाळून हसले की माझ्यासाठी त्यात काही उरलंच नाही. पडले तर नाहीतच.

पण अजून माझी पाळी होती.

मी धोतर नेसून गेलो होतो. तिफण हातात घेतली, बैलांना असा काही आवाज दिला की मॅनेजरही वळून पाहू लागला. इवाई धुऱ्यावर एका बुटावर उभे. तेव्हा मला वाटलं, याचा फोटो पाहिजे. पुढे मी आणि बैल, मागे एका बुटावरचे इवाई. सोबत आलेल्या बायकोला म्हणालो, काढ. ती म्हणाली, "अवो, ते इवाई फोटोत येत नाईत. जरा मांगं व्हा." मी कासरा ओढला. बैल दोन पावलं मागे सरले. तिफण मातीत होतीच. "अजून," ती म्हणाली. अजून दोन पावलं. फोटो फार छान आला. अजून आहे माझ्याजवळ.

मग मी तीन फेरे मारले. दोरी लावून आखल्यासारखे. मागे नाही पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, दर दहा पावलांनी. त्यांचा चेहरा उतरला का, एवढंच पाहत होतो. आणि चाड्यात दाणे साचून राहतायत हे मला दिसलं होतं, दिसलं नाही असं नाही. मला वाटलं, काय हात बसलाय. एवढंसं बी आणि एवढं वावर. लोकांना पायली लागते तिथे आपण ओंजळीत भागवतोय. उरलेली ज्वारी मी तोऱ्यात बाईच्या टोपलीत परत ओतली. तिनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार तेवढ्यात मॅनेजरनं तिला भाकरी खाणाऱ्या मंडळींसाठी रेंगी जुंपायला पाठवलं.

इवायांनी माझा हात हातात घेतला. "मानलं तुम्हाला," म्हणाले. "तुमच्या ओळी म्हणजे छापील वही." त्या दिवशी त्यांनी मला एकदाही डवरं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हाही नाही. मी आठवडाभर पाण्यावर तरंगत होतो. मुलीला फोन केला की मागून आवाज यायचा, "साहेबांना नमस्कार सांग." साहेबांना. मी बायकोला स्पीकरवर ते वाक्य पुन्हा ऐकवायचो.

आठव्या दिवशी सकाळी बाईचा फोन आला. "साहेब, तुमच्या पट्ट्यात नऊ ओईतल्या सहा ओई कोऱ्या हायेत. मधली नई तेवढी चालू होती. दोन्ही बाजूच्या तुंबल्या होत्या."

मी विचारलं, "आणि पाच नंबर?"

"पाच नंबर उगवला. वाकडा हाय, पन दाट हाय. मॅनेजर आज दुपारी फोटो पाठवून राहिला सगळ्यायले. म्हटलं तुमाले आधी सांगतो."

मी काय केलं ते सांगतो, आणि कुणी मला समजावू नये, मला समजतं. मी तडक मुलाच्या गाडीवरून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलो. दुपारी फोटो निघणार होता. खुंट्या लाकडाच्या होत्या, वर नुसते आकडे. चार आणि पाच यांची जागा बदलायला दोन मिनिटं पुरली असती. वाकड्या ओळींचं काय, असा प्रश्न मला पडला होता. पण मुलीला काय कळतंय सरळ-वाकडं, आणि इवायांनी काही म्हटलंच तर सांगता आलं असतं की उगवताना पीक थोडं सरकतं. वखर-डवरं प्रकरणानंतर हे खोटं माझ्या तोंडी शोभणारं होतं.

पोचलो तेव्हा अकरा वाजायचे होते. जुना काळ अजून सुरू व्हायचा होता. बाई साध्या साडीत, गोठ्यात बैलांना पेंड देत होती. मी तिला न दिसेल असा धुऱ्यानं गेलो. पाच नंबरचा पट्टा खरोखर हिरवा होता. लहान लहान कोंब, झिंगलेल्या ओळीत का होईना, पण खांद्याला खांदा लावून उभे. माझ्या पट्ट्यात तीन ओळी बऱ्या आणि बाकी भुई. नीट, सरळ, सुंदर भुई. मी दोन्ही खुंट्या उपटल्या.

"काय करून राहिले, साहेब?"

बाई मागे उभी होती. हातात मोबाइल, आणि मोबाइलमधून आवाज, "बाई, ऐकू येतंय का? जरा कॅमेरा फिरवा ना, कालपेक्षा वाढलंय का बघू."

आवाज इवायांचा होता. ते रोज साडेदहाला तिला व्हिडिओ कॉल करून आपला पट्टा पाहायचे, हे मला तेव्हा कळलं. उगवल्या दिवसापासून. म्हणजे माझ्या कोऱ्या ओळी त्यांनी माझ्याआधी पाहिल्या होत्या. तीन दिवस आधी. आणि तरी मागून आवाज यायचा, 'साहेबांना नमस्कार.'

बाईनं कॅमेरा फिरवला. तिनं मुद्दाम फिरवला असं मी म्हणणार नाही, पण हळू फिरवला. पडद्यावर ते होते आणि त्यांच्या पडद्यावर मी होतो, दोन हातांत दोन खुंट्या घेऊन.

"अरे, व्याही, तुम्ही?" ते म्हणाले. "खुंट्या कशाला काढल्या?"

"कलल्या होत्या," मी म्हणालो. "सरळ करतोय."

"छान. सरळ करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही." मग म्हणाले, "खरं म्हणजे मी बाईंना सांगितलं होतं की तुमच्या ओळींतले खाडे हातानं भरून घ्या, त्यांना कळू देऊ नका. पण आता तुम्ही आलातच."

ते ज्या सुरात म्हणाले त्यात थट्टा होती की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. थट्टा असती तर सोपं गेलं असतं. थट्टेला आपल्याकडे उत्तर असतं. हा माणूस माझी लाज झाकत होता, आणि ते मला सांगूनही टाकत होता. चिखलात तोंडावर पाडायला मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी मला पुण्यात बसून, बूट न मळवता पाडलं.

फोन बंद झाला. बाई म्हणाली, "ठोका खुंट्या जागच्या जागी."

मी ठोकल्या. चार चारवर, पाच पाचवर.

"कालपासून मॅनेजर मले बोलून राहिला," ती म्हणाली. "म्हणते, बाई, बी किडकं देल्लं तुवा. पाहुन्याच्या हातानं असं झालं म्हटलं तं ऐकतच नाई, म्हणते थे साहेब तं लय चांगले चालले, म्या पाह्यलं. असंच रायलं तं तुले चुलीवर बसवतो म्हणते."

याचा विचार मी केला नव्हता. सूड इवायांवर होता. त्यात हिची तिफण जाईल हे माझ्या चित्रात कुठे नव्हतं. मी मॅनेजरकडे जाऊन सांगतो म्हणालो की चूक माझी. ती म्हणाली, "सांगा. पन आधी हे भरा. फोटोच्या आधी सांगान तं थो वावर पाहाले येईन, आन्‌ वावर तं तसंच हाय."

तिनं मला मूठभर ज्वारी दिली, एक खुरपं दिलं. वीतभर अंतरावर माती उकरायची, दोन दाणे टाकायचे, झाकायचं, पुढे सरकायचं. याला टोबणं म्हणतात. सहा ओळी. पहिल्या ओळीच्या अर्ध्यावर माझी कंबर गेली. ऊन वर आलं. अकरा वाजले, बाई लुगडं नेसून आली आणि जुना काळ सुरू झाला. पहिली मंडळी आत आली ती थेट माझ्याकडे. एका बाईनं आपल्या मुलीला दाखवलं, "पाहा, पूर्वी असं वाकून काम करायचे." त्यांनी माझे फोटो काढले. शर्ट-पँट पाहून एकानं विचारलं, "ह्यांना ड्रेस नाही का दिला?"

मी खाली मान घालून टोबत होतो आणि मनात दिवाळीची जुळवाजुळव करत होतो. दिवाळीला इवाई पुन्हा येणार होते. दिवाळीत ठेचा असतो. आमच्या घरच्या ठेच्याची मिरची पुण्याच्या माणसाला नाकातून निघते. 'थोडं तोंडी लावा, व्याहीबुवा,' असं म्हणायचं, आग्रह करायचा, आपल्या रीतीप्रमाणे तीनदा. पाणी जरा लांब ठेवायचं. विचारानं एवढं बरं वाटलं की कंबर विसरलो आणि भराभर पुढे सरकू लागलो. दुसरी ओळ संपवून उभा राहिलो आणि बाईकडे पाहिलं, म्हटलं आता तरी 'जमते' म्हणेल.

ती ओळीच्या सुरुवातीला उकिडवी बसली होती. तिनं मी झाकलेली माती बोटानं उकरली. दोन दाणे शोधले, नाहीत. पुढची जागा उकरली. नाहीत. मी खुरप्यानं माती उकरत गेलो होतो, झाकत गेलो होतो, आणि ज्वारी जवळजवळ सगळी माझ्या डाव्या मुठीत तशीच होती. घामानं भिजलेली.

ती उठली, हात झटकले, माझ्या मुठीकडे पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या बापानं तुमाले शाळेत कावून धाडलं, थे आज समजलं मले."